बंद पडलेल्या किताबाची वंशावळ कशी लावावी: डब्ल्यूसीडब्ल्यूचा जागतिक हेवीवेट किताब

महाराष्ट्र केसरीच्या मानकऱ्यांची यादी करायची असेल, तर काम सरळ असते. स्पर्धा 1961 पासूनची आहे, प्रत्येक अधिवेशनाचा एक विजेता असतो, त्याच्या खांद्यावर गदा येते आणि यादीत वर्षासमोर एक नाव लिहिले जाते. स्पर्धा झाली नाही, त्या वर्षापुढची जागा कोरी राहते. हीच सवय घेऊन अमेरिकी व्यावसायिक कुस्तीच्या किताबाकडे गेलेला माणूस पहिल्याच पानावर फसतो. हा किताब वर्षाचा नसून तो हातातून हातात जात राहतो. एकच मल्ल तो सव्वा वर्ष सांभाळू शकतो आणि दुसरा तो संध्याकाळी जिंकून त्याच रात्री गमावू शकतो. त्यामुळे अशा किताबाचा इतिहास वर्षांवर बेतता येत नाही, तो वंशावळीसारखा लावावा लागतो: कोणाकडून कोणाकडे, कोणत्या दिवशी, कोणत्या गावी, कशा प्रकारे, आणि मध्ये गादी रिकामी होती का.

किताब बंद पडलेला असला की अडचण वाढते, कारण चालवणारी कंपनीच उरलेली नसते आणि तिच्या जुन्या निर्णयांचा अर्थ नवा मालक आपल्या सोयीने लावत असतो. पुढे जी रीत सांगितली आहे, ती कोणत्याही बंद किताबाला लावता येईल. उदाहरण मात्र एकच घेतले आहे, ते म्हणजे वर्ल्ड चॅम्पियनशिप रेसलिंग ऊर्फ डब्ल्यूसीडब्ल्यू या अमेरिकी कंपनीचा जागतिक हेवीवेट किताब. तो 1991 ते 2001 इतकाच जगला, पण या अकरा वर्षांत वंशावळकाराला चकवणारी जवळजवळ प्रत्येक गोष्ट त्याच्या बाबतीत घडलेली आहे.

सुरुवातीलाच एक शंका मिटवावी. या कुस्तीतले निकाल आधी ठरलेले असतात, ही तर नुरा कुस्ती, मग तिचा इतिहास कसला लिहायचा, असे कोणीतरी विचारणारच. उत्तर असे की येथे आपण कोण बलवान होता याची नोंद करत नसून कंपनीने किताब कोणाला, केव्हा आणि का दिला याची नोंद करत असतो, आणि तो निर्णय अगदी खरा असतो. त्यासाठी वहीत पहिल्याच दिवशी दोन वेगळे रकाने आखावेत. एका रकान्यात रिंगमध्ये प्रेक्षकांसमोर काय झाले ते लिहावे: अमुकने तमुकला हरवले, खांदे टेकवून की अपात्रतेने. दुसऱ्यात पडद्यामागचे कारण लिहावे: करार संपला, दुखापत झाली, मालक बदलला. ही दोन्ही एकाच वाक्यात मिसळली की इतिहास ना कथेचा राहतो ना वस्तुस्थितीचा.

नाव, बेल्ट आणि वारसा वेगळे करा

माझ्या मते या कामातली सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच आहे. किताबाचे नाव ही एक गोष्ट, कमरेला बांधायचा बेल्ट ही दुसरी आणि विजेत्यांची सलग साखळी, म्हणजे वारसा, ही तिसरी. या तिन्ही गोष्टी बहुतेक वेळा एकत्र चालतात, म्हणून त्या एकच आहेत असे वाटते. पण त्या वेगळ्या होतात तेव्हा आपण कशाचा इतिहास लिहीत आहोत हे माहीत नसेल, तर यादीत भलतीच नावे शिरतात. आपण वारशाचा इतिहास लिहीत आहोत, आणि बेल्ट हा त्यातला केवळ एक साक्षीदार आहे.

ज्याला पुढे ‘बिग गोल्ड बेल्ट’ हे नाव पडले, त्या सोनेरी बेल्टचा प्रवास पाहिला की हे स्पष्ट होते. नेव्हाडातील रिनो येथील चार्ल्स क्रमराइन या कारागिराने तो घडवला आणि 1986 च्या फेब्रुवारीत तो त्या वेळचा विजेता मल्ल रिक फ्लेअर याच्या कमरेला आला. तेव्हा तो नॅशनल रेसलिंग अलायन्स, म्हणजे एनडब्ल्यूए, या प्रवर्तकांच्या 1948 मध्ये स्थापन झालेल्या संघाच्या जागतिक किताबाचा बेल्ट होता. दूरचित्रवाणी वाहिन्यांचा मालक टेड टर्नर याच्या कंपनीने 1988 मध्ये प्रवर्तक जिम क्रॉकेट यांचा कुस्तीचा धंदा विकत घेतला, त्यातून डब्ल्यूसीडब्ल्यू उभी राहिली, आणि 1991 च्या जानेवारीपासून तिने आपल्या विजेत्याला स्वतःच्या नावाने जागतिक विजेता म्हणायला सुरुवात केली. म्हणजे काही महिने एकाच बेल्टवर दोन किताब होते.

1 जुलै 1991 रोजी कंपनीने फ्लेअरला काढून टाकले आणि त्याचा किताब काढून घेतला. बेल्ट मात्र त्याच्याकडेच राहिला. एनडब्ल्यूएच्या जुन्या रिवाजाप्रमाणे विजेत्याने बेल्टपोटी 25,000 डॉलरची अनामत ठेवलेली असे, आणि ती परत न मिळाल्याने फ्लेअरने बेल्ट दिला नाही. त्याच वर्षाच्या उत्तरार्धात तो प्रतिस्पर्धी डब्ल्यूडब्ल्यूएफ (आजची डब्ल्यूडब्ल्यूई) या कंपनीच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमांत तोच बेल्ट घेऊन ‘खरा जागतिक विजेता’ म्हणून मिरवू लागला. मग प्रकरण न्यायालयात गेले आणि पुढे तिथल्या चित्रणात बेल्टच्या जागी धूसर ठिपके दिसू लागले. तिकडे 14 जुलै 1991 रोजी बाल्टिमोरमध्ये लेक्स लुगर आणि बॅरी विंडहॅम पिंजऱ्यात रिक्त किताबासाठी लढले. लुगर जिंकला, प्रेक्षक ‘आम्हाला फ्लेअर हवा’ असे ओरडत राहिले, आणि विजेत्याला नवी पट्टी चढवलेला एक जुनाच बेल्ट देऊन वेळ भागवण्यात आली. वंशावळीच्या दृष्टीने विजेता लुगरच. सोनेरी बेल्ट दुसऱ्या कंपनीत दिसत असला, तरी त्या दिवसांत त्यामागे डब्ल्यूसीडब्ल्यूच्या किताबाचा वारसा नव्हता.

पुढे बेल्ट डब्ल्यूसीडब्ल्यूकडे परत आला, पण तिच्या जागतिक किताबावर नाही. ऑगस्ट 1992 मध्ये एनडब्ल्यूएचा रिक्त किताब जपानमध्ये स्पर्धा घेऊन पुन्हा सुरू झाला. मासाहिरो चोनोने रिक रूडला हरवले आणि सोनेरी बेल्ट चोनोला मिळाला. सप्टेंबर 1993 मध्ये डब्ल्यूसीडब्ल्यू एनडब्ल्यूएतून बाहेर पडली आणि एनडब्ल्यूएचे नाव वापरण्याचा हक्क गेला. बेल्ट हाती राहिल्यामुळे तिने त्यासाठी ‘इंटरनॅशनल’ विशेषणाचा आणखी एक जागतिक किताब काढला. त्यामुळे जवळजवळ नऊ महिने एकाच कंपनीत दोन जागतिक विजेते होते. 23 जून 1994 रोजी नॉर्थ चार्ल्सटन येथे फ्लेअरने स्टिंगला हरवून दोन्ही किताब एक केले. इंटरनॅशनल किताब तिथेच संपला, आणि त्याचा सोनेरी बेल्ट उरलेल्या किताबावर चढला.

म्हणून 1991 ते 1994 या काळात जो कोणी छायाचित्रातला सोनेरी बेल्ट पाहून विजेता ठरवील, त्याची यादी हमखास चुकेल. चोनो, ग्रेट मुता आणि हिरोशी हासे ही नावे डब्ल्यूसीडब्ल्यूच्या जागतिक किताबाच्या वंशावळीत नाहीत, आणि त्याच काळात व्हेडर व रॉन सिमन्स ही आहेत.

बेल्टचा दुसऱ्या प्रकारे मात्र उपयोग होतो. 10 ऑगस्ट 1996 रोजी साउथ डाकोटातील स्टर्जिस येथे हल्क होगनने द जायंटला (म्हणजेच पुढच्या बिग शोला) हरवले आणि होगनच्या टोळीने सोनेरी पत्र्यावर काळ्या फवाऱ्याने ‘एनडब्ल्यूओ’ अशी आपल्या नावाची अक्षरे रंगवली. तारीख नसलेल्या एखाद्या छायाचित्रात बेल्टवर ही ओबडधोबड अक्षरे दिसली, तर ते त्या दिवसाआधीचे नाही एवढे निश्चित समजावे.

सुरुवात कोठून धरायची

मूळ पुरुष ठरवल्याशिवाय वंशावळ लागत नाही. येथे रिवाज असा आहे की 11 जानेवारी 1991 रोजी न्यू जर्सीतील ईस्ट रदरफर्ड येथे फ्लेअरने स्टिंगला हरवले, त्या दिवसापासून डब्ल्यूसीडब्ल्यूचा किताब मोजावा. त्या लढतीत हातबदल झाला तो एनडब्ल्यूएच्या किताबाचा. नवा किताब वेगळ्या समारंभाने जाहीर झाला नव्हता, कंपनीने बोलण्यात आणि लिहिण्यात नाव बदलले, आणि मान्यता मागाहून पक्की झाली. अशा वेळी आपण कोणता दिवस धरला आणि का, हे पहिल्या नोंदीखाली एका वाक्यात लिहून ठेवावे. वाचकाला आधीची स्टिंगची कारकीर्द का दिसत नाही, असा प्रश्न पडणारच असतो.

हे दोन वारसे खरोखर वेगळे होते याचा पुरावा दोनच महिन्यांत मिळाला. 21 मार्च 1991 रोजी टोकियो डोममध्ये तात्सुमी फुजिनामीने फ्लेअरला हरवले. जपानमध्ये फुजिनामी एनडब्ल्यूएचा विजेता ठरला. डब्ल्यूसीडब्ल्यूने मात्र फ्लेअर वरच्या दोरावरून बाहेर फेकला गेला होता, तो आपल्या नियमांत दोष ठरतो, असे कारण दिले आणि तिचा स्वतःचा किताब फ्लेअरकडेच राहिला. 19 मे रोजी फ्लोरिडातील सेंट पीटर्सबर्ग येथे फ्लेअरने परतफेड केली. त्यामुळे एनडब्ल्यूएच्या यादीत त्या वसंतात दोन ओळी वाढतात, तर डब्ल्यूसीडब्ल्यूच्या यादीत एकही वाढत नाही.

एक नोंद कशी लिहावी

प्रत्येक कारकिर्दीसाठी क्रमांक, विजेता, कोणाकडून, तारीख, गाव, कार्यक्रम, किताब कसा मिळाला, दिवस आणि शेरा एवढे रकाने पुरतात. यातला तारखेचा रकाना सगळ्यात दगाबाज असतो.

लढत झाली तो दिवस आणि ती दूरचित्रवाणीवर दाखवली गेली तो दिवस हे अनेकदा वेगळे असतात. मुख्य तारीख नेहमी लढतीची घ्यावी आणि प्रसारणाची तारीख शेऱ्यात द्यावी. 4 जानेवारी 1999 च्या संध्याकाळी तर हा फरकच बातमी झाला. डब्ल्यूसीडब्ल्यूचा कार्यक्रम अटलांटाच्या जॉर्जिया डोममधून थेट चालू होता, आणि तिच्या निवेदकाने प्रतिस्पर्धी वाहिनीवर त्या रात्री मॅनकाइंड हा मल्ल डब्ल्यूडब्ल्यूएफचा किताब जिंकणार असल्याचे आधीच सांगून टाकले. ते त्याला सांगता आले, कारण ती लढत 29 डिसेंबरलाच मॅसॅच्युसेट्समधील वूस्टर येथे चित्रित झाली होती. (त्याच रात्री जॉर्जिया डोममध्ये होगनने केविन नॅशच्या छातीवर एक बोट टेकवले, नॅश धाडकन उताणा पडला आणि होगन विजेता झाला. ही ओळ लिहिताना उपरोध करण्याचा मोह होतो. तो आवरावा आणि ‘खांदे टेकवून’ एवढेच लिहावे; झालेली गोष्ट शेऱ्यात साधेपणाने सांगितली, तरी वाचक काय ते समजतो.)

स्थळाचा स्थानिक दिवस पाळणे हेही ओघानेच आले. अमेरिकेत सोमवारी रात्री झालेली लढत आपल्याकडे मंगळवारी सकाळ उजाडल्यावर संपते. म्हणून आपल्या आठवणीतली किंवा आपल्याकडच्या वर्तमानपत्रातली तारीख ताडून पाहिल्याशिवाय घेऊ नये.

केवळ प्रसारणांवरून यादी केली, तर कॅमेऱ्यासमोर न झालेल्या लढती निसटतात. 11 मार्च 1993 रोजी लंडनमध्ये स्टिंगने व्हेडरकडून किताब घेतला आणि 17 मार्चला डब्लिनमध्ये व्हेडरने तो परत मिळवला. युरोपच्या दौऱ्यातले हे सहा दिवस घरी बसून कार्यक्रम पाहणाऱ्या अमेरिकी प्रेक्षकाला दिसलेच नाहीत, पण वंशावळीत ते आहेत. म्हणून दौऱ्यांचे निकाल छापणारी त्या काळची कुस्तीची वार्तापत्रे आणि स्थानिक वर्तमानपत्रे यांच्याशी यादी ताडून घ्यावी.

‘कसा मिळाला’ हा रकाना रिकामा ठेवू नये, कारण किताब जिंकण्याची सर्वसाधारण रीत अनेकदा मोडली जाते. प्रतिस्पर्धी अपात्र ठरला, तर सामना जिंकता येतो पण किताब मिळत नाही, हा सामान्य नियम. तरीही 29 ऑक्टोबर 1995 रोजी डेट्रॉइटमध्ये होगन अपात्र ठरला आणि किताब जायंटकडे गेला, कारण होगनचा व्यवस्थापक जिमी हार्टने करारात तसे कलम घातले होते. 17 जुलै 1994 ला ऑरलँडो येथे फ्लेअरला हरवून सुरू झालेली होगनची ही कारकीर्द 469 दिवसांची, या किताबाच्या इतिहासातली सर्वांत दीर्घ. आणि ती अशी एका कलमावर संपली. पुढे 6 नोव्हेंबरला जायंटकडूनही किताब काढून घेण्यात आला आणि 26 नोव्हेंबरला नॉरफोक येथे तीन रिंगांत 60 मल्ल उतरवून झालेल्या लढतीत तो रँडी सॅव्हेजने मिळवला. जायंटची कारकीर्द मात्र मोजली जाते: काढून घेणे म्हणजे खोडून टाकणे नव्हे.

शेऱ्याचा रकाना जपून वापरावा, पण तो कोरा ठेवू नये. 2 ऑगस्ट 1992 ची बाल्टिमोरची नोंद घ्या: रॉन सिमन्सने व्हेडरला हरवले. निव्वळ ओळ एवढीच आहे. मोठ्या कंपनीचा जागतिक हेवीवेट विजेता म्हणून मान्यता मिळालेला तो पहिला कृष्णवर्णीय अमेरिकी मल्ल होता, आणि त्या संध्याकाळी खरा आव्हानवीर स्टिंग जखमी झाल्याचे दाखवून चिठ्ठी काढून सिमन्सचे नाव पुढे आणले गेले होते, हे शेऱ्यात आले नाही तर त्या ओळीचे मोलच कळत नाही.

रिकामी गादी आणि रद्द निकाल

वंशावळीत दोन विजेत्यांमध्ये फट असेल, तर ती फट हीसुद्धा एक नोंद आहे. तिला क्रमांक देऊ नये, पण तारखा आणि कारण द्यावे. 17 एप्रिल 1994 रोजी शिकागोजवळच्या रोझमाँट येथे फ्लेअर आणि रिकी स्टीमबोट यांचे खांदे एकाच वेळी टेकले. कुस्ती बरोबरीत सुटली असे म्हणून विजेत्याकडेच किताब ठेवता आला असता, पण कंपनीने तो रिक्त धरला आणि चारच दिवसांनी चित्रित झालेल्या फेरलढतीत फ्लेअरने तो पुन्हा जिंकला. त्यामुळे प्रेक्षकाच्या डोळ्यांना एकच दिसणारी फ्लेअरची कारकीर्द यादीत दोन ओळी घेते. एखाद्या मल्लाने किताब ‘किती वेळा’ जिंकला यावर जे वाद होतात, त्यांचे मूळ बहुधा अशा चार दिवसांत असते.

रद्द ठरवलेला निकाल याहून अवघड. 16 जानेवारी 2000 रोजी सिनसिनाटीत ख्रिस बेनवाने सिड व्हिशियसला हरवले. दुसऱ्याच दिवशी तो कंपनी सोडून गेला आणि मग सिडचा पाय दोराखाली होता असे सांगून कंपनीने तो निकाल पुसून टाकला. हजारो लोकांनी पाहिलेली गोष्ट आपण यादीतून काढू नये, आणि कंपनीने न मानलेल्या कारकिर्दीला क्रमांकही देऊ नये. अशी ओळ क्रमांकाशिवाय, तिरप्या अक्षरांत ठेवावी आणि शेऱ्यात रिंगमधले कारण व पडद्यामागचे कारण दोन्ही लिहावीत. 9 जुलै 2000 रोजी डेटोना बीच येथे जेफ जॅरेट होगनसमोर स्वतःहून आडवा झाला, होगनने त्याच्यावर पाय ठेवून विजय घेतला, आणि त्याच कार्यक्रमात कंपनीचा कथालेखक व्हिन्स रूसो याने तो किताब निरर्थक ठरवून जॅरेट विरुद्ध बुकर टी अशी नवी लढत लावली, जी बुकर टीने जिंकली. तिथेही हीच रीत वापरावी.

या सगळ्या वर्षातली एकच नोंद जवळून पाहू. 10 एप्रिल 2000 रोजी कंपनीचे सूत्रधार एरिक बिशॉफ आणि रूसो यांनी तिचे सगळे किताब एका फटक्यात रिक्त केले. 16 तारखेला जॅरेट विजेता झाला, 24 तारखेला डायमंड डॅलस पेज. दुसऱ्या दिवशी न्यूयॉर्क राज्यातील सिरॅक्यूज येथे पेज आणि चित्रपट अभिनेता डेव्हिड आर्केट एका बाजूला, जॅरेट आणि बिशॉफ दुसऱ्या बाजूला अशी जोडीची लढत झाली, आणि जो खांदे टेकवील तो विजेता अशी अट होती. आर्केटने बिशॉफचे खांदे टेकवले. म्हणजे ज्याच्याकडून किताब गेला तो पेज हरला तर नाहीच, उलट तो आर्केटचा जोडीदार होता. जो हरला, त्याच्याकडे किताब नव्हताच. नोंद अशी लिहावी लागते:

विजेता: डेव्हिड आर्केट. कोणाकडून: डायमंड डॅलस पेज. तारीख: 25 एप्रिल 2000. गाव: सिरॅक्यूज. कसा: जोडीच्या लढतीत एरिक बिशॉफचे खांदे टेकवून. दिवस: 12. शेरा: प्रसारण 26 एप्रिल, विजेता व्यवसायाने अभिनेता, डब्ल्यूसीडब्ल्यूचे मल्ल असलेला त्याचा चित्रपट त्याच महिन्यात प्रदर्शित झाला होता.

‘कोणाकडून’ आणि ‘कोणाला हरवून’ हे दोन प्रश्न वेगळे आहेत, हे मला या एका ओळीने शिकवले. माझ्या पहिल्या वहीत दोन्हींसाठी एकच रकाना होता आणि तिथे मी बिशॉफचे नाव लिहून बसलो होतो. परिणामी बिशॉफ विजेता होता असा वाचणाऱ्याचा समज झाला असता. आर्केटची कारकीर्द 7 मे रोजी कॅन्सस सिटीत संपली. प्रसारणाची तारीख धरली, तर तिचे दिवस 11 भरतात, लढतीची धरली तर 12.

शेवट कुठे लावायचा

डब्ल्यूसीडब्ल्यू बंद पडली त्या दिवशी किताब बंद पडला, असे समजणे स्वाभाविक आहे, पण चुकीचे आहे. 23 मार्च 2001 रोजी डब्ल्यूडब्ल्यूएफने कंपनी विकत घेतल्याचे जाहीर झाले, 26 मार्चला फ्लोरिडातील पनामा सिटी बीच येथे शेवटचा सोमवारचा कार्यक्रम झाला, आणि त्यात बुकर टीने स्कॉट स्टायनरला हरवून किताब घेतला. कंपनी गेली, तरी विजेता आणि बेल्ट नव्या मालकाकडे आले आणि वारसा पुढे चालू राहिला. कर्ट अँगल, द रॉक आणि ख्रिस जेरिको ही नावे त्यानंतरची आहेत. यातल्या अँगलच्या ओळीवर तारखेचा नियम पुन्हा तपासून घ्यावा: त्याने बुकर टीला 24 जुलैला पिट्सबर्गमध्ये हरवले, ते दाखवले गेले 26 जुलैला आणि किताब त्याने 30 जुलैला गमावला, त्यामुळे त्याची कारकीर्द एका हिशेबाने सहा दिवसांची आणि दुसऱ्या हिशेबाने चार दिवसांची होते.

18 नोव्हेंबर 2001 नंतर किताबाच्या नावातून ‘डब्ल्यूसीडब्ल्यू’ ही अक्षरेही गेली आणि तो नुसता जागतिक किताब झाला. विजेता तेव्हा रॉक होता, आधीही आणि नंतरही. नाव बदलले म्हणून त्याची कारकीर्द दोन तुकड्यांत तोडू नये, फक्त शेऱ्यात लिहावे.

शेवट 9 डिसेंबर 2001 रोजी सॅन डिएगोत झाला. जेरिकोने आधी रॉकला हरवून हा किताब घेतला आणि त्याच रात्री बुकर टीच्या मदतीने स्टीव्ह ऑस्टिनला हरवून डब्ल्यूडब्ल्यूएफचा किताबही घेतला. दोन्ही एकत्र झाले आणि पुढे जो निर्विवाद किताब चालला, त्याचा वारसा डब्ल्यूडब्ल्यूएफच्या बाजूचा मानला गेला. म्हणून या वंशावळीतली शेवटची ओळ जेरिकोची, कालावधी एका दिवसाहून कमी. त्यानंतरचे काही महिने विजेता दोन्ही बेल्ट घेऊन रिंगमध्ये येत राहिला. बेल्ट आणि वारसा यांतला फरक येथे पुन्हा आठवावा.

आपल्याकडच्या वाचकांची खरी गल्लत यापुढे होते. टेन स्पोर्ट्स वाहिनी 2002 मध्ये सुरू झाली आणि महाराष्ट्रातल्या एका अख्ख्या पिढीने सोनेरी बेल्ट पहिल्यांदा तिथे, ट्रिपल एचच्या खांद्यावर पाहिला. तो किताब 2 सप्टेंबर 2002 रोजी बिशॉफने त्याला बहाल केला होता. घडण त्याच जुन्या सोनेरी बेल्टची, पण किताब नवा, आणि मालक कंपनीच्या नोंदीतही तो वेगळाच धरला जातो. तो 15 डिसेंबर 2013 रोजी रँडी ऑर्टनने जॉन सीनाला हरवून डब्ल्यूडब्ल्यूईच्या मुख्य किताबात एकत्र केला, आणि 2023 मध्ये जागतिक हेवीवेट याच नावाचा आणखी एक किताब सुरू झाला. तीन किताब, जवळजवळ एकच नाव. तिन्हींच्या स्वतंत्र याद्या कराव्यात, आणि प्रत्येकीच्या माथ्यावर सुरुवातीची व शेवटची तारीख ठळक लिहावी.

मराठीत लिहिताना

पारिभाषिक शब्दांचा फार घोळ घालू नये. ‘चॅम्पियनशिप’ला किताब, ‘टायटल रेन’ला कारकीर्द, ‘व्हेकंट’ला रिक्त एवढे पुरते, ‘बेल्ट’ला बेल्टच म्हणावे, पट्टा म्हटले की शिवकालीन हत्यार किंवा पट्टेवाला डोळ्यांपुढे येतो. ‘चीतपट’ हा शब्द मला प्रिय असला, तरी येथे तो मी टाळतो, कारण आपल्या आखाड्यात पाठ लागली की कुस्ती संपते आणि येथे पंचाने तीन मोजेपर्यंत खांदे टेकलेले असावे लागतात. मल्लांची नावे एकदा ठरवली की सगळीकडे तशीच लिहावीत, आणि नाव बदललेल्याचे दुसरे नाव पहिल्या उल्लेखात द्यावे: द जायंट म्हणजेच पुढचा बिग शो, हे न सांगितल्यास वाचक दोन माणसे समजतो.

यादी पूर्ण झाली की बेरीज करावी. 11 जानेवारी 1991 पासून 9 डिसेंबर 2001 पर्यंत 3,985 दिवस होतात. सर्व क्रमांकित कारकिर्दींचे दिवस आणि सर्व रिक्त काळांचे दिवस मिळून तेवढेच भरले पाहिजेत. लढतीऐवजी प्रसारणाची तारीख लिहिल्याची चूक या बेरजेत सापडत नाही, कारण एकाचे कमी झालेले दिवस आधीच्या विजेत्याच्या खात्यात जमा होतात. ती चूक ओळीओळीनेच शोधावी लागते. सुटलेली फट मात्र लगेच उघडी पडते. माझी पहिली बेरीज 13 दिवसांनी कमी आली होती, आणि बराच वेळ मी ती चूक 2000 सालच्या गोंधळात शोधत राहिलो. ती होती अगदी पहिल्या पानावर: 1 जुलै 1991 ला फ्लेअरकडून किताब काढून घेतला आणि 14 जुलैला लुगर जिंकला, या दोन तारखांच्या मधली रिक्त गादी मी लिहायचीच विसरलो होतो.